चाळीस सेकंद

गुरुवारी रात्री अकराला
मोंटेव्हिडिओ अर्धंअधिक झोपलेलं असतं,
तेव्हा दोन खुर्च्या आणि एका टेबलावर
आमचा कार्यक्रम चालतो.
या आठवड्यात नवीन काय, बघावं की बघू नये.
डाव्या खुर्चीत एचेव्हेरी, त्याला काहीच आवडत नाही.
उजव्या खुर्चीत नेलिदा,
तिला काही नाही तर निदान कपडे तरी आवडतात.
मी खाली, तळघरात.
मी तुकडे कापते.
एका मालिकेला चाळीस सेकंद, जास्त नाही.
बावीस वर्षं झाली, माझं नाव
शेवटच्या पाटीवर इतकं भरभर सरकतं
की माझ्या आईनेही ते कधी वाचलं नाही.

मोठ्या कंपन्यांचे तुकडे कापूनच येतात,
बरोबर बिस्किटांचा डबा, छत्री, एकदा तर घड्याळ.
यामिला आली ती बसने,
ला पालोमाहून साडेतीन तास,
बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये आठ भाग घेऊन.
मालिकेचं नाव ‘खवले’.
बंदरावर मासे साफ करणाऱ्या बायका,
त्यातल्या दोन तिच्या सख्ख्या मावश्या.
पोस्टर नाही, जाहिरात नाही,
रविवारी रात्री दहाची वेळ, म्हणजे कुणाचीच नाही.
बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात,
न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात;
हिला तर धड बोलताही येईना.
जाताना एवढंच म्हणाली,
‘सहावं मिनिट बघाल का?’

सहाव्या मिनिटाला
एक बाई सुरी चालवते आहे.
मागे रेडिओ, परतलेल्या बोटींची नावं.
एक नाव. दुसरं नाव. तिसरं.
मग नावं संपतात.
सुरी थांबते.
मागे दार वाजतं,
आणि बाईची मान
वळायला लागते.

मी तिथे कापलं.

अर्धा फ्रेम आधी की अर्धा नंतर,
यावर रात्रीचे दोन वाजले.
कॉफीचं साल धरलं, पाठ धरली.
शेवटी मान फिरायच्या आधीची ती
कानामागची शीर तेवढी ठेवली.

गुरुवारी एचेव्हेरी म्हणाला,
‘संथ. अतिशय संथ.
मी तीनदा घड्याळ पाहिलं.’
(तेच घड्याळ.)
मग तो पाच मिनिटं बोलला, सगळं वाईटच,
पण नाव चार वेळा घेतलं,
वार, वेळ, वाहिनी, सगळं दोनदा सांगितलं,
शत्रूचा पत्ता तोंडपाठ असावा तसं.
नेलिदाची पाळी आली.
ती काहीच बोलली नाही.
टीव्हीवर सात सेकंद कुणी गप्प बसलं
की वरच्या मजल्यावर फोन वाजायला लागतात.
ती गप्प बसली.
मग म्हणाली, ‘पुढे.’

शुक्रवारी औषधाच्या दुकानात
बाईने माझ्या आईच्या गोळ्या मोजता मोजता विचारलं,
‘तुम्ही तिथेच काम करता ना?
मग सांगा, दारात कोण होतं?’
शनिवारी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा सुतार.
त्याने तर स्वतःचंच उत्तर आणलं होतं.
मी दोघांनाही म्हटलं, रविवारी दहाला.
एवढं वाक्य विकायला
लोक रस्त्याच्या कडेला इमारतीएवढे फलक लावतात.

रविवारी दहाला मी गच्चीवर कपडे काढायला गेले.
समोरच्या इमारतीत
खिडक्या मोजल्या, निळ्या झालेल्या.
नऊ. मग अकरा.
सगळ्याच ‘खवले’च्या होत्या असं मी म्हणणार नाही,
एखादीत फुटबॉलही असेल.
पण सहाव्या मिनिटाला
अकरापैकी एकाही खिडकीत
कुणी पाणी प्यायला उठलं नाही.

सोमवारी सकाळी एचेव्हेरीचा फोन.
त्याने आयुष्यात मला कधी फोन केला नव्हता,
नावही चुकीचं घेतलं, इल्दा म्हणाला. मी इर्मा.
खाकरला. म्हणाला, माझ्या बायकोने बघितली, मी नाही.
मग थोडं थांबून,
‘तो पेनड्राइव्ह अजून तुझ्याकडे आहे का?
ते दुसऱ्या भागात
दार पुन्हा वाजतं का, तेवढंच बघायचंय.’

मी म्हटलं, रविवारी दहाला.