एक दात

सोमवारी उद्यमनगर बंद,
म्हणून बेल्ट शनिवारीच आणून ठेवला.
बेल्ट, टेन्शनर, आणि पाण्याचा पंपही;
दुकानदार म्हणाला, उघडणारच आहे तर तोही बदला.
पावतीवर लिहायला त्यानं मिस्त्रीचं नाव विचारलं.
मी माझं सांगितलं.
तो थांबला, मग लिहिलं: उज्वला.
एक ज गाळून.

कळंब्यात आमच्या दाराला उतार आहे.
मागच्या चाकांना विटा लावल्या,
पुढचं उजवं चाक काढून शेवग्याला टेकवलं,
इंजिनाखाली जॅक, जॅकवर मोडक्या पाटाचं फळकूट.
एक पाय वर धरून उभी इंडिका,
नाल ठोकायला आणलेल्या घोड्यासारखी.

धैर्यशील आला, तो आईनं परस्पर फोन केला म्हणून.
टॉर्क रेंच टॉवेलात गुंडाळलेला,
न्हाऊ घातलेलं बाळ जणू.
तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही,
बाबांचा लेथ मी विकला तेव्हापासून.
पायतान काढून बसला चाकाच्या खळग्याशी.

मग आकडेच बोलले.
तेरा.
सतरा.
सतरा नाही, सोळा.
क्रँकचा बोल्ट सुटेना, तेव्हा त्यानं पान्याला पाईप लावला,
मी गाडी पाचव्या गिअरात टाकून ब्रेकवर उभी राहिले,
आणि कट्‌कन आवाज झाला.
दोघांनाही वाटलं, काहीतरी तुटलं.
तुटलं नव्हतं.

जुना बेल्ट काढायच्या आधी
पुल्यांवर खुणा केल्या मी, लाल नेलपॉलिशनं.
एरवी हसला असता.
फुंकर मात्र त्यानंच घातली, वाळायला.

बेल्ट हातात आला, तर पाठीवर बारीक भेगा,
टाचेला पडतात तशा.
आणखी हजारभर किलोमीटर, किंवा उद्या सकाळी
दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला.
व्हॉल्व्ह खाली येईल तेव्हा पिस्टननं तिथं नसायचं,
एवढाच करार असतो आत.
मोडला, की दोघंही वाकडे.

नवा चढवला.
चावी लावायची नाही, आधी हातानं फिरवायचं, दोन वेढे.
पहिला.
दुसरा.
खालची खूण खुणेवर. वरची नाही.

"एक दात पुढं गेलाय, आक्का."

"मी नाही चुकलो."

"चुकलीस कुठं म्हणतोय? दात गेलाय म्हणतोय."

पुन्हा टेन्शनर सैल, पुन्हा बेल्ट खाली.
आईनं चहा दुसऱ्यांदा गरम केला, दुसऱ्यांदा निवला.
बेल्टनं दात धरावा, त्याचं कामच ते.

गाडीखालून, तोंड न दिसता:
"लेथ कितीला गेला?"
"एक लाख दहा."
"कमी घेतलेस."
"माहीत आहे."
पाना थोडा वेळ हलला नाही.
मग: "तेरा दे."

या खेपेला खुणा जुळल्या,
दोन वेढे, आणि मनाच्या समाधानासाठी आणखी दोन.
रेंच 'टिक' म्हणाला.
चावी मी फिरवली. त्यानं डोळे मिटून घेतले होते,
ते मला काचेतून दिसलं.
इंजिन एकदा खोकलं, आणि लागलं.
शेजारचा इरफान गच्चीवरून ओरडला, "जाळ काढला की!"

जुना बेल्ट शेवग्याच्या फांदीला अडकवलेला.
हात रॉकेलनं धुऊन, पायतान शोधत, तो म्हणाला,
"ती नेलपॉलिशची बाटली टूलबॉक्समध्येच असू दे.
अजून ऐंशी हजारांनी लागेल."