समुद्राचे पैसे

बाबा शिलाई यंत्रं दुरुस्त करायचे, कुताह्यात.
नुसत्या नाकाने तेल ओळखायचे,
यंत्रातलं, आणि कढईतलंही.
इझमीरला आम्ही एकदाच गेलो, चौघं,
रात्रीच्या गाडीने, उकडलेली अंडी संपवत.

त्यांनी आम्हाला शहर दाखवलं ते असं:
इथे नको.
इथेही नको.
दारात उभा राहून दंडाला धरतो ना,
त्याच्या भांड्यात कालचं उरलेलं असतं.
जेवणाचे फोटो लावलेत, उन्हाने निळे पडलेत, चला.
ज्या यादीचं पान उलटावं लागतं
त्या स्वयंपाकघरात कुणालाच काही नीट येत नाही.

तायफुन सहा वर्षांचा. त्याला प्रत्येक दार चालत होतं.

धक्क्यावर मात्र आई थांबली.
पांढरे टेबलक्लॉथ, कोपऱ्यांना चिमटे, वारा,
बर्फावर मासे, एकाचं तोंड उघडं,
काही सांगता सांगता राहून गेल्यासारखं.
आई थांबली म्हणजे किती,
सँडलमधला खडा काढायला लागतं तेवढंच.
बाबा म्हणाले, "नुरहयात,
समुद्र ताटात येत नाही. बिलात येतो."
आई हसली. खडा नव्हताच.

मग केमेराल्तीच्या गल्ल्या, कुलूपवाले, बटणवाले.
बाबा लोकांच्या पायांकडे बघत चालले.
हमाल कुठे वळतात,
बाहीला दोरे चिकटलेले शिंपी
कुठून दात कोरत बाहेर पडतात.
"माणूस खोटं बोलेल. बूट नाही बोलत."

सहा टेबलं. झेकिये नावाची बाई, कोपरापर्यंत वाफेत.
"अडीच वाजले. घेवडा आहे. पिलाव तळाचा."
बाबांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला,
तिथेच थोडा वेळ राहिला.
"दोन घेवडा, एक पिलाव," ते म्हणाले, "चमचे चार."

घेवडा खारट होता. हे मी आज पहिल्यांदा सांगतेय.
पाव मात्र टोपलीभर,
संपला की पुन्हा, न विचारता, न मोजता.
तायफुनने नऊ तुकडे खाल्ले.
बाबांनी पावाने पुसून ताट असं लख्ख केलं
की झेकिये म्हणाली, आता हे धुवायचं काय?

कितीतरी वर्षं मी हे नियम चवीचे समजत होते.
मैत्रिणींना शिकवले, नवऱ्याला शिकवले,
आणि ते खरेही ठरत गेले, हीच गंमत.
खिशाचे होते हे कळलं
ते त्यांचा कोट कुणाला तरी द्यायला काढला तेव्हा:
आतल्या खिशाचं अस्तर
बोटांनी चाचपून चाचपून जाळीदार झालं होतं.

या मे महिन्यात आईला घेऊन गेले.
नवरा फोनवर तारे मोजत होता,
साडेचार, चार पूर्णांक सात.
मी कुणाचंच ऐकलं नाही. थेट धक्का.
पांढरा टेबलक्लॉथ. चिमटे.
आईला समुद्राकडे तोंड करून बसवलं.
मासा चांगला होता. खरंच चांगला होता, बाबा.

बिल आलं. आईने चष्मा लावला,
एकेका ओळीवर बोट ठेवत खाली खाली गेली.
"यात समुद्र कुठे लिहिलाय?"
मुलं हसली. तीही हसली, तेच हसू.
मग बोट थांबलं.
"पाव?" ती म्हणाली.
"पावाचे पैसे लावलेत?"
टोपलीतले उरलेले तुकडे तिने रुमालात बांधले,
वेटरकडे बघत, एकेक, सावकाश.

झेकियेच्या जागी आता फोनची कव्हरं विकतात.
तरी दुसऱ्या दिवशी, साडेअकराला,
कुणाला भूक लागायच्या आधीच,
आई गल्लीत शिरली, आमच्या पुढे,
मान खाली घालून,
येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट वाचत.