तुला नव्हतं म्हटलं

बाणेरला चौथ्या मजल्यावर
कानांना हेडफोन, आणि समोर दोनच रकाने:
यंत्राला. यंत्राला नाही.

दिवसाला सहाशे तुकडे,
तीन सेकंदांचे, पाच सेकंदांचे,
सही करून घरं उघडी ठेवलेल्या माणसांचे.
नावं नाहीत, नुसता घर क्रमांक आणि पेठ किंवा वाडी.
यंत्राला आता नावानं हाक मारायची नाही, असं ठरलंय.
बोलणं आपल्यासाठी होतं की नव्हतं
ते त्याचं त्यानं ओळखायचं,
आणि हे त्याला शिकवायचं मी,
जिला आईच्या तिसऱ्या हाकेला पहिली ऐकू येते.

'लाव', म्हणतं कुणी.
दिवा लाव, की दार, की कुकर,
दुधाला विरजण, साडीला फॉल,
मामाला फोन लाव एकदा, दिवस बरे नाहीत त्याचे.
मागे भांडी वाजत असली तर मी पुन्हा ऐकते.
एवढा संसार एका क्रियापदाला टांगलाय
हे दहा वर्षं मराठी शिकून कळलं नव्हतं.

घर सतरा, सदाशिव.
'अहो, ऐकलंत का?'
आणि अहोंच्या आधी
कोपऱ्यातला डबा म्हणाला, 'हो, सांगा.'
मग अहो हसले. बाई नाही हसल्या.
शमीम तांबोळीनं टेबलावर डोकं टेकलं,
म्हणाली, माझी नानी जन्मभर
नानांना नाव न घेताच हाक मारायची,
ह्यांनी त्याचं पेटंट घेतलंय.

घर एक्केचाळीस, बिबवेवाडी.
पुरुष. साठीच्या अलीकडे-पलीकडे.
दुसरा आवाज कधीच नाही,
ताटात चमचा एकच वाजतो.
रात्री पावणेअकरा: 'बास आता.'
दिवा गेला.
मी टिचकी मारली, यंत्राला.

दुसऱ्या रात्री, पावणेअकरा: 'बास आता.'
दिवा गेला.
मग अंधारातून, थोडं ओशाळून,
'तुला नव्हतं म्हटलं रे.'
दिवा आला.
बराच वेळ काही नाही. खुर्ची करकरली.
'असू दे. घालव.'

तीन तुकडे झाले त्याचे.
शेवटचा सरळ आहे.
'तुला नव्हतं', हे तर त्यालाच.
पहिल्यापाशी मी अडकले,
आणि कालचं माझं उत्तर आठवून कान तापले.

प्राजक्ता मॅडमना विचारलं, तिसरा रकाना घालता येईल का,
'कुणालाच नाही' असा?
त्या चांगल्या आहेत, चहा टाकून आल्या,
उभ्यानंच दोनदा ऐकलं.
म्हणाल्या, कुणालाच नाही म्हणजे यंत्राला नाहीच की गं.
बरोबर आहे.
चहावर साय धरली होती, ती बोटानं काढत गेल्या.

आता तो माणूस सावध झालाय.
बोलायच्या आधी सांगतो, 'तुला नाही हं',
शेजारच्या खोलीत कुणी निजलेलं असावं तसं, हळू.
मग बोलतो.
भाजीत मीठ राहिलं. गुडघा.
लोखंडी कपाटाची किल्ली तू कुठे ठेवायचीस.
आणि दिवा शहाण्यासारखा जळत राहतो,
आमचे आकडे सुधारलेत,
वरून शाबासकीचा मेल आला.

गुरुवारची फाइल शून्य सेकंदांची येते.
गुरुवारी त्या भागात वीज नसते, दुरुस्तीसाठी,
दहा ते चार.
शमीमला गुरुवार आवडतो, काम आयतं कमी होतं.
मी ती फाइल उघडते तरी.
ऐकायला काही नाही.
तेवढे सहा तास
त्याला आधी सांगावं लागत नसेल,
तुला नाही.