चाळणीत राहिलेलं

बत्तीस वर्षं कोराडीला बॉयलरवर काढली,
आग माझ्या ओळखीची.
म्हणून गच्चीवरच्या निळ्या ड्रमात
रोज सकाळी कोपरापर्यंत हात घालतो.
दहा मोजेपर्यंत ठेववत नाही.
पंचावन्न असेल, कुंदाला सांगतो.
ती म्हणते, बाहेर पंचेचाळीस आहे,
आधी डोक्याला दुपट्टा बांधा.

कोळसा नाही, धूर नाही, पाळीचा भोंगा नाही.
कांद्याची सालं, चहाचा चोथा,
वर मागच्या वर्षीच्या कुलरची ताटी,
हातानं कुस्करलेली.
तिला अजून बंद खोलीतल्या दुपारचा वास येतो.
संत्र्याची सालं बेतानं,
दुसऱ्या ड्रममधली गांडुळं रुसतात.

मागच्या श्रावणात खालचे निमजे
नाक दाबून जिना चढून आले होते.
चूक माझीच, ओलं जास्त, कोरडं कमी.
लकडगंजच्या आरागिरणीतून पोतंभर भुसा आणला,
चार दिवसांत वास बसला.
आता निमजेच देठं आणून पायरीवर ठेवतात,
प्लास्टिकच्या पिशवीसकट.

हिरव्या जाळीखाली वांगी तग धरून आहेत.
सांबार करपला.
(सांबार म्हणजे कोथिंबीर,
पुण्याच्या सुनेला दर वेळी सांगावं लागतं.)

काल पहिला ड्रम चाळला.
खाली काळंभोर, भुसभुशीत,
चहापत्तीसारखं.
वर राहिलं ते:
आंब्याची कोय, रबर,
सफरचंदांवरची सात स्टिकरं
आणि एक काळी काडी.
अंगठ्यानं घासली तर दांड्यावर "निहार".

नातवाच्या उष्टावणाचा चांदीचा चमचा.

रामकला तेव्हा आमच्याकडे भांडी घासायची.
आम्ही तिला काही म्हणालो नाही.
एक शब्द नाही.
फक्त कपाटाला कुलूप आलं,
कुंदा चमचे मोठ्यानं मोजू लागली
आणि मी पेपर घेऊन
ओट्यासमोर बसू लागलो,
पान न उलटता.
दसऱ्याआधी ती म्हणाली,
घर दूर पडते, बाई.
सात वर्षं नव्हतं पडलं.

खरकटं ड्रमात मी टाकायचो.
मीच.

त्या उष्णतेत एक अख्खं सुती बनियन विरलं,
अंड्यांची टरफलं बोटानं चुरतात.
न बोललेलंही विरलं असेल
असं धरून चाललो होतो.

ऊन उतरल्यावर चार वांगी तोडली.
कुंदा कितीतरी वेळ चमचा राखेनं घासत होती.
मग म्हणाली, खत पण न्या थोडं,
मिरचीचं रोप नेलं होतं तिनं आपल्याकडून.
स्वतः मात्र आली नाही.

पाचपावलीच्या पुलाखाली कुठंतरी,
एवढाच पत्ता.
स्कूटर बंद केली, पानठेल्यावर विचारलं,
रामकला कुठं राहते?
कोणती? आडनाव?

खिशात चमचा, हँडलला पिशवी,
आणि आडनाव मला माहीत नाही.

दारात मिरचीचं झाड आहे तिच्या, मी म्हणालो.

त्यानं चुना लावता लावता
वस्तीकडे मान वळवली.
इथं तर सगळ्यांच्याच दारी मिरची आहे नं, काका.