लाइन लागत नाही

पावणेतीन.
म्हणजे अंदाजे पावणेतीन,
कारण डॉक्टर छाजेडांच्या सांगण्यावरून
घड्याळाचं तोंड मी भिंतीकडे केलंय
आणि ते आता शिक्षा झालेल्या पोरासारखं
भिंतीशीच पुटपुटत असतं.

चारनंतर चहा बंद.
दुधात जायफळ उगाळून झालं,
तळपायांना काशाची वाटी झाली,
मोबाइल स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर.
वीस मिनिटांत नाही लागली तर उठा, म्हणतात डॉक्टर,
पलंगाला जागरणाची सवय लावू नका.
मी उठते.
दिगंबर घोरतो. त्याची झोप म्हणजे पेन्शन,
तारखेला जमा.

झोप कुणाला करता येत नाही. ती लागते.
भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते,
पोराला नोकरी लागते,
आणि फोन लागतो.
ते शेवटचं मला कळतं.
बावीस वर्षं इंदूरच्या ट्रंक एक्सचेंजला
मी लोकांचे फोन लावले,
त्यातली निम्मी वर्षं रात्रीची.
ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग.
लाइटनिंगला आठपट पैसे
आणि तरी विजेसारखं काही यायचं नाही.
झोपही एकदा अर्जंट बुक करून पाहिली,
पांढरी अर्धी गोळी.
लागली,
पण पलीकडून कुणी बोललंच नाही.

ओट्यावर येऊन बसते.
रामबागेच्या आमच्या गल्लीत या वेळी शकुनचा झाडू असतो.
“आज फिर, काकी?”
“लाइन बिजी है,” मी म्हणते.
ती मास्क हनुवटीखाली ओढून हसते.
दिवसा कूलरसमोर आडवी झाली की संपली म्हणे,
पोरं अंगावरून उड्या मारतात तरी.
मला तिचा हेवा वाटतो, मग हेव्याची लाज,
आणि लाज वाटल्यावर तर
डोळे टक्क.

एक माणूस होता. अठ्ठ्याहत्तर सालचा जानेवारी.
बऱ्हाणपूर, लाइटनिंग, रात्री दीडला.
खंडव्यापुढे तार मेलेली.
दर दहा मिनिटांनी त्याचा आवाज: लागला का, बाई?
लागत नाही, साहेब.
अकरा वेळा.
बाराव्यांदा त्याने विचारलं नाही.
काय सांगायचं होतं, कुणाला, कोण जाणे.
मी तिकिटावर रेघ मारली, सहाला सुटले,
आणि घरी जाऊन, चांगलं आठवतं,
गाढ झोपले.
तेव्हा लागायची.

हल्ली पडल्यापडल्या मी ती तार बघायला निघते.
पायी, खांबाखांबाने, लाइनमनसारखी.
राऊ. महू. पाताळपाणी.
कालाकुंडला घाट, तिथे हळू,
तारेवर कोतवाल झोपलाय, त्याला उठवायचं नाही.
चोरल.
बडवाह.
घाई केली की परत राऊपासून.
हा नियम माझा, डॉक्टरांना सांगितलेला नाही.

सोमवारी महूलाच अडकले,
छावणीतल्या एका लग्नात कुणी काय बोललं होतं त्यात.
मंगळवारी निघालेच नाही,
ओट्यावरच उजाडलं, कचऱ्याची गाडी गात आली.
काल मात्र मोरटक्क्याच्या पुलावर पोचले.
खाली नर्मदा, काळी, काही न बोलणारी,
आणि खांबाला कान लावल्यावर येते ना,
ती बारीक गुणगुण.
हॅलो, म्हणाले बहुतेक. हॅलो, बऱ्हाणपूर?
पलीकडच्या खांबाचं काही आठवत नाही.

सकाळी दिगंबर चहाचा कप घेऊन उभा.
“किती हाका मारल्या तुला!”
“एकही लागली नाही,” मी म्हटलं
आणि कूस बदलली.