गोडं पाणी, दोन लिटर

धंतोलीतल्या लॅबमध्ये दिवसभर
मी दुसऱ्यांची रक्तं मोजते.
सोडियम, पोटॅशियम, उपाशीपोटीची साखर.
संध्याकाळी मानेवाड्याला परत येऊन
पर्स खांद्यावरच असताना
मोजते समुद्र.

एकशेदहा लिटर आहे.
डॉक्टर भिवापूरकरांनी वेटिंग रूमला नवी फरशी घातली
तेव्हा तो भंगारात चालला होता.
ऑटोत घालून आणला.
दगड ओल्या पोत्यात, मांडीवर बादली,
बादलीत दोन नारिंगी मासे आणि एक पट्ट्यांची कोळंबी.
दर खड्ड्याला ड्रायव्हर म्हणायचा,
"ताई, सांडून राहिलं ना तुमचं."

पहिल्याच महिन्यात चूक केली.
मे होता. पाणी रोज दोन बोटं खाली जायचं,
कूलरचं जातं तसं.
मी खारं पाणी कालवून भर घालायची,
समुद्राला समुद्रच लागत असेल, अशा समजुतीनं.
पाणी उडतं. मीठ उडत नाही.
हे मला शाळेत शिकवलं होतं, मिठागराच्या चित्रासकट,
दोन मार्कही मिळाले होते.
एक पूर्णांक शून्य पंचवीस हवं, तिथे एकतीस आलं
तोवर एक मासा तळाशी आडवा.
वहीत 'कारण' असा रकाना होता.
लिहिलं: मी.

तेव्हापासून वरून फक्त गोडं पाणी,
तेही गाळून गाळून कोरं केलेलं.
नळाला क्लोरीन येतं, आणि तो पांढरा थर येतो
जो माझ्या गिझरच्या कॉइलवर बसलाय.

रविवारी क्षारता.
निळ्या नळीत एकेक थेंब सोडायचा, मनात मोजत,
आठव्याला पिवळं झालं की खांदे खाली येतात.
नऊ चालतं. सहा नाही.
आणि कमी निघालं तरी एकदम भरायचं नसतं;
सलाइन कधी धो धो सोडतात का?
रक्ताचा पीएच सात पूर्णांक चार,
याचा आठ पूर्णांक दोन.
मधल्या त्या आठ दशांशात
माझं रात्रीचं जेवण गार होतं.

शेजारच्या हेडाऊ काकू विचारतात,
"मीठ विकत आणते, पाण्यात टाकते,
अन् पंधरा दिवसांनी तेच पाणी फेकते.
काऊन बाई?"
मला सांगता येत नाही.
खरा समुद्र मी एकदाच पाहिला, आठवीच्या सहलीत.
डावी चप्पल वाहून गेली, एवढंच आठवतं.

मग ती रात्र. साडेदहाला लाइन गेली.
पंप थांबला की घर किती मोठं वाटतं.
सव्वीसचं एकोणतीस झालं. एकतीस.
चौकातल्या डहाकेंची रसवंती शटर ओढत होती.
"रस संपला."
"रस नको, बर्फ द्या."
तो ठेचून बाटल्यांत भरला, झाकणं आवळली,
एक थेंब आत उतरता कामा नये,
आणि सोडल्या तरंगत.
काकू गाऊनवरच आल्या,
पेल्यानं पाणी उचलून उंचावरून ओतत बसल्या,
चहा गार करतात तसं.
"यानं हवा जाते का गं आत?"
"जाते."
"मग ठीक आहे," म्हणाल्या,
आणि तीन वाजेपर्यंत हात बदलत राहिल्या.

पहाटे लाइन आली. टॉर्च मारला तर
दगडापाशी कोळंबी पडलेली, पोकळ, मिशांसकट.
काकूंनी पदर नव्हता तरी खांद्याशी हात नेला.
"गेली का?"
मी चिमट्यानं उचललं. काचेसारखं हलकं.
आत कोणीच नव्हतं.
दगडामागून दोन नव्या मिशा
हळूच बाहेर येत होत्या.
"नाही काकू. कपडे बदललेत."

वहीत त्या दिवसाची नोंद:
क्षारता साडेसात. तापमान सत्तावीस.
गोडं पाणी, दोन लिटर.
मीठ, काही नाही.
रकाना 'कारण':
डहाके, बर्फाचे पैसे द्यायचे राहिलेत.