साडेतीन युरोंची

विझेऊच्या बाजारगल्लीत एव्हारिस्तूचं दुकान,
शटर अर्धंच वर. झुल्मीरा वाकून आत शिरते.
पिशवीत पाव, मुठीत मोजलेले पैसे.
बेल्मीरूला जाऊन रविवारी वर्ष होईल,
जेवायला वीसेक माणसं.

पहिला घोट आलेंतेझूचा: उन्हाळलेला, गोडगोड,
ओळख नसताना गळ्यात पडणारा.
"हा सगळ्यांना आवडतो."
"म्हणूनच नको."

दोरूचा भारदस्त. किंमत ऐकून ती ग्लास
अलगद खाली ठेवते, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

दांवचा बराच वेळ तोंडात घोळवते.
हा तर इथल्याच मातीतला. चाळीस वर्षं टेबलावर हाच,
बेल्मीरूला दुसरा चालायचा नाही.
काही न बोलता ती बादलीत थुंकते.

मग बाइराडाची बाटली, साडेतीन युरोंची.
डाळिंबाच्या सालीसारखी तुरट. जीभ आक्रसते,
हिरड्यांवर खरखर, आणि मागाहून, फार उशिरा,
विझल्या चुलीचा वास, एखादी आंबट चेरी.
एव्हारिस्तू ओशाळतो, "हिला अजून दोन वर्षं हवीत.
बेल्मीरूनं तर तोंडच वाकडं केलं असतं."

झुल्मीरा हसते.
दात जांभळे झालेत.
"बारा दे. नाही, तेरा.
एक आज रात्रीला."